हातोहात जाणारा खेळ

लॅमिंग्टन रोडचं काउंटर

"दोन्ही खोकी सारखीच दिसतात. मग दहा हजारांचा फरक कशाचा?"

बाईंचा प्रश्न रास्त होता. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, नुकतीच बारावी झालेला. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण आईला पटवायचं काम त्याने दुकानदारावर सोपवलं होतं. दुकानदाराने प्लेस्टेशन ५ या सोनीच्या गेम-यंत्राची दोन खोकी काउंटरवर शेजारी-शेजारी मांडली आणि चित्रावर बोट ठेवून दाखवलं. एका यंत्राला डिस्क घालायची फट आहे, दुसऱ्याला नाही. ही सडपातळ आवृत्ती २०२४च्या एप्रिलमध्ये भारतात आली तेव्हा फटीच्या यंत्राची किंमत ५४,९९० रुपये होती आणि बिनफटीच्या यंत्राची ४४,९९०.

"ताई, हे स्वस्त आहे," तो म्हणाला. "पण यावर घेतलेला गेम परत माझ्याकडे आणता येणार नाही. यात सीडी जात नाही, सगळं डाउनलोड."

"मग?"

"मग काय, खेळून झाला की तिथेच पडून राहणार."

या अंकासाठी संपादकांनी 'मालकी' हा विषय दिला होता. सातबारा, फ्लॅट, सोनं यांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे धरून मी ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरलो. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड असलेल्या या रस्त्यावर वायर, स्पीकर, सीसीटीव्ही आणि कम्प्युटरच्या सुट्या भागांच्या गर्दीत गेमची दुकानं आहेत. इथे मालकीचा प्रश्न दिवसभर रोख रकमेत सुटत असतो.

दुकानदाराने बाईंना जो हिशेब सांगितला तो असा. मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. महिन्याभरात, ओरखडा न पडता परत आणला, तर तो तीन हजारांच्या आसपास देतो आणि साडेतीन हजारांना पुढे विकतो. म्हणजे मुलाला तो गेम दोन हजारांत पडला. मुलाने जुनीच डिस्क साडेतीन हजारांना घेऊन परत आणली तर पाचशेच. असे तीन-चार गेम झाले की वरचे दहा हजार वसूल. बाईंनी मान डोलावली. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे गणित समजवावं लागत नाही.

वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकच अंक पंधरा-वीस घरं फिरून येतो. या डिस्कांचं तसंच चालतं. काउंटरखालच्या खणात डब्यांच्या रांगा होत्या आणि बऱ्याच डब्यांवर जुन्या मालकांच्या खुणा होत्या. एकावर पेनने लिहिलेलं आडनाव, एकावर ठाण्याच्या दुकानाचा किमतीचा स्टिकर, त्यावर दादरच्या दुकानाचा. भारतात कन्सोलवर खेळणारा वर्ग मोठा नाही, आणि तो जेवढा आहे त्यातला बराचसा या फिरत्या मालावर उभा आहे असं माझं मत इथे उभं राहून झालं. पाच हजारांचा गेम दर महिन्याला विकत घेणारी घरं थोडी. पाच हजारांचा एक गेम पाच घरांनी मिळून खेळणं परवडतं, आणि ती पाच घरं एकमेकांना ओळखतही नसतात.

कॅसेटचे दिवस

ही सवय नवी नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे 'व्हिडिओ गेम' घरोघर आले, ते निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. त्यांत पिवळ्या, काळ्या प्लॅस्टिकच्या कॅसेट बसत. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट. एका कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं असे आणि प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस पुन्हा पुन्हा येत. सुट्टीत या कॅसेटी सोसायटीभर फिरत. कुणाची कॅसेट कुणाकडे आहे याची नोंद मुलांच्या डोक्यात पक्की असे.

नंतर प्लेस्टेशन २ आला. लॅमिंग्टन रोडवर त्याला 'चिप मारून' मिळे आणि चिप मारली की कॉपी केलेल्या डीव्हीडी चालत. हा सगळा चोरीचा माल होता आणि तो गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सोनीने तरीही इथे प्रयत्न केला. २००९मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' हा हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला गेम खास प्लेस्टेशन २साठी निघाला. त्याच सुमारास कबड्डी आणि पतंगबाजी असलेला 'देसी अड्डा' आला. या दोन नावांकडे मी पुढे येणार आहे.

प्लेस्टेशन ४पासून कॉपी चालवणं सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेलं. मग लोक अस्सल डिस्क घेऊ लागले आणि पुढे विकू लागले. चोरीच्या बाजारातून कायदेशीर जुना बाजार उभा राहिला, तो याच रस्त्यावर आणि बहुधा याच दुकानदारांच्या हातून. या गोष्टीचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

डिस्क घातल्यावर काय होतं

जुना गेम विकायला आला की दुकानदार आधी डबा उघडून डिस्क अंगठा आणि मधल्या बोटात कडेने धरतो आणि ट्यूबलाइटखाली तिरकी फिरवतो. मी ते जवळून पाहिलं. निळसर पृष्ठभागावर प्रकाशाची एक पट्टी सरकत जाते आणि कुठे रेघ असेल तर तिथे अडखळते. मधून कडेकडे जाणारी सरळ रेघ तो चालवून घेतो. गोलाकार, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेने गेलेली रेघ दिसली की डबा परत. त्यामागे कारण आहे. डिस्कची जाडी १.२ मिलिमीटर, पण ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. वर कठीण लेप असतो म्हणून रोजच्या हाताळणीत ती टिकते, पण लेपाखाली गेलेला ओरखडा घासून काढायला जागाच नाही. सरळ रेघ लेझर एका क्षणात ओलांडून जातो आणि चूक सुधारून घेतो. गोल रेघेत मात्र तो सलग माहिती गमावत राहतो.

पुढची गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. आजच्या यंत्रात डिस्क घातली तरी गेम डिस्कवरून चालत नाही. सगळी माहिती आतल्या साठवणीत उतरवून घेतली जाते, कारण डिस्क वाचण्याचा वेग आजच्या गेमला पुरत नाही. त्यानंतर डिस्कचं काम उरतं पुराव्याचं. ती आत असेल तर गेम सुरू होतो, नसेल तर नाही. म्हणून फट असो वा नसो, जागा तेवढीच लागते. पहिल्या प्लेस्टेशन ५मध्ये ८२५ जीबीची साठवण होती आणि त्यातली साधारण ६६७ जीबी वापरायला मिळत असे. शंभर-शंभर जीबीचे सहा गेम झाले की सातव्यासाठी एक काढावा लागतो.

तरीही डिस्कवर पूर्ण गेम असणं मोलाचं आहे. शंभर जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला साडेचार तास लागतात, तेही वेग टिकला तर. जिथे फायबर पोचलेलं नाही आणि फोनच्या रोजच्या दोन जीबीवर घर चालतं, तिथे त्याच गेमला पन्नास दिवस लागतील. तिथल्या मुलासाठी डिस्क हाच रस्ता आहे.

मात्र डिस्कच्या पोटात काय आहे याची खात्री आता उरलेली नाही. २०२२मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २'ची प्लेस्टेशन ५ची डिस्क लोकांनी तपासली, तेव्हा तिच्यावर साधारण ७० एमबी माहिती निघाली. बाकीचा गेम नेटवरून उतरवायचा. ज्या डिस्कमध्ये शंभर जीबी मावतात तिच्यावर एका लहान व्हिडिओइतका मजकूर आणि डब्यावर किंमत पूर्ण. याला मी सरळ फसवणूक म्हणेन, डब्याच्या मागे बारीक अक्षरांत काहीही छापलेलं असलं तरी.

निन्टेंडोने हेच उघडपणे केलं. जून २०२५मध्ये स्विच २ हे यंत्र आलं तेव्हा अनेक गेम 'गेम-की कार्ड'वर निघाले. कार्ड खरं, हातात येणारं, तोंडात घातलं तर कडू लागणारंही. लहान मुलांनी गिळू नये म्हणून निन्टेंडो स्विचच्या कार्डांना डेनाटोनियम बेन्झोएट नावाच्या कडू रसायनाचा लेप देते. पण की कार्डात गेम नसतो. कार्ड घालायचं, नेटवरून गेम उतरवायचा आणि खेळताना दर वेळी कार्ड आत ठेवायचं. कार्ड पुढे विकता येतं, एवढी सोय ठेवली आहे. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही, त्यामुळे दुबई, सिंगापूर, जपानहून येणारा माल हाजी अलीच्या हिरा पन्नासारख्या ठिकाणी मिळतो. तिथे एका विक्रेत्याने मला डब्यावरची की कार्डाची पट्टी दाखवली आणि म्हणाला, गिऱ्हाईक हल्ली आधी ही पट्टी बघतं, मग गेमचं नाव. त्याच यंत्रासाठी 'सायबरपंक २०७७' पूर्णच्या पूर्ण ६४ जीबीच्या कार्डावर आला. करायचं ठरवलं तर करता येतं, याचा तो पुरावा आहे.

अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ

डिस्क अजून दुकानात दिसते, याला २०१३च्या उन्हाळ्यातली एक घटना बऱ्याच अंशी कारण आहे. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मे महिन्यात एक्सबॉक्स वन जाहीर केला. यंत्राने चोवीस तासांत एकदा नेटवर हजेरी लावायची, नाहीतर गेम बंद. आणि डिस्क दुसऱ्याला देणं, विकणं यावर बंधनं. १० जूनला लॉस एंजेलिसमधल्या ई३ प्रदर्शनात सोनीने सांगितलं की प्लेस्टेशन ४वर जुन्या डिस्क पूर्वीसारख्याच चालतील, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. त्याच सुमारास सोनीने अर्ध्या मिनिटाचाही नसलेला एक व्हिडिओ काढला. 'गेम मित्राला कसा द्यावा' हे शिकवणारा. एक अधिकारी डबा पुढे करतो, दुसरा घेतो, आभार मानतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले.

ती गिऱ्हाइकांची जीत होती. पण गेल्या दहा-बारा वर्षांत जे त्या दिवशी नियमाने लादता आलं नाही, ते सोयीच्या मार्गाने आलं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोला मुळात फटच नाही. ती वेगळी विकत घेऊन जोडायची, आणि जोडल्यावर पहिल्यांदा नेटवरून तिची ओळख यंत्राला पटवून द्यायची. सक्ती झाली असती तर लोक भांडले असते. सवलतीशी भांडण कसं करायचं?

'खरेदी करा'

ऑनलाइन दुकानात 'खरेदी करा' असं बटण असतं. ते दाबल्यावर आपल्याला मिळतो परवाना: या खात्यावर, या अटींवर, कंपनी देते तोवर खेळण्याचा. कॅलिफोर्नियाने २०२४च्या सप्टेंबरमध्ये कायदा केला की अशा दुकानांनी गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावं, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरू नये. १ जानेवारी २०२५पासून तो लागू आहे. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीविरुद्ध दावा लावला होता, की उतरवलेला गेम पुढे विकण्याचा हक्क असला पाहिजे. २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ते मान्य केलं, २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला आणि २०२४मध्ये सर्वोच्च पातळीवर तो फिरवलेला निकालच कायम राहिला. डिस्क विकता येते, फाइल विकता येत नाही, ही रेघ फ्रान्समध्येही अशी पक्की झाली.

या रेघेपलीकडे, फाइलच्या बाजूला, काय होतं ते 'पी. टी.' नावाच्या छोट्या भयखेळाने दाखवलं. हिदेओ कोजिमाने तो २०१४च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ४वर फुकट दिला. तो ज्याची झलक होता तो पुढचा मोठा गेम रद्द झाला आणि एप्रिल २०१५मध्ये हा दुकानातून काढला गेला. ज्यांनी तो यंत्रातून पुसला होता त्यांना पुन्हा उतरवता येईना. मग ज्यांच्या यंत्रात तो शिल्लक होता ती यंत्रं लोक हजार डॉलरच्या वर किंमत लावून विकायला काढू लागले. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. जुन्या एक्सबॉक्स ३६०चं दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं. आधी घेतलेले गेम उतरवता येतात, पण नव्याने काही घेता येत नाही. जे गेम फक्त तिथेच होते, ते नव्या माणसासाठी संपले.

आणि डिस्क असूनही हात रिकामे राहिल्याचं उदाहरण आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम २०१४चा. तो एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागे. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि जगभरच्या डब्यांतल्या डिस्का निकामी झाल्या. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबवाल्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभारली. कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत असं ती म्हणत नाही. निघून जाताना गेम चालण्याजोगा ठेवून जा, एवढीच मागणी. २०२५च्या जुलैमध्ये युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मला हीच मागणी सर्वांत योग्य वाटते. प्लॅस्टिकच्या चकतीवर माझं प्रेम आहे, पण चकती हा मुद्दा नाही. आपण पैसे दिलेली वस्तू देणाऱ्याच्या परवानगीशिवाय चालावी आणि दुसऱ्याला देता यावी, हा आहे.

प्रायमरी आणि सेकंडरी

डाउनलोड गेम पुढे विकता येत नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या मुलांनी त्याचाही जुना बाजार काढला. समाजमाध्यमांवर विक्रेते आहेत. गेमच्या नावापुढे 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' असे दोन भाव. प्लेस्टेशनवर एक खातं एका यंत्राला 'आपलं' म्हणून नोंदवता येतं. त्या यंत्रावर घरातल्या कुणालाही, नेट नसतानाही, त्या खात्याचे गेम खेळता येतात. शिवाय खातेदार स्वतः दुसऱ्या यंत्रावर लॉग-इन करून तोच गेम खेळू शकतो. कुटुंबासाठी केलेली ही सोय विक्रेता दोन अनोळखी गिऱ्हाइकांना विकतो. प्रायमरी महाग, कारण त्यात तुम्ही स्वतःच्या खात्यावर खेळता. सेकंडरी स्वस्त, कारण नेट कायम लागतं.

कंपनीच्या अटींत हे बसत नाही आणि विक्रेत्याने पासवर्ड बदलला की संपलं. नाशिकचा इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी मला म्हणाला, "दादा, दोन महिने चालला, मग एके दिवशी गेमवर कुलूप आलं. मेसेज केला तर त्याने ब्लॉक केलं." तक्रार कुठे करणार? मी या व्यवहाराचं समर्थन करत नाही. पण तो मुलगा चोर नाही. त्याला अर्ध्या किमतीत, काही दिवसांसाठी, हातोहात आलेला गेम हवा होता. डिस्कने ती गरज सरळ मार्गाने भागवली असती.

पुण्याची 'राजी'

डाउनलोडचं देणं नाकारणं मात्र अन्यायाचं होईल. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा खेळ. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची कथा, राजस्थानी महालांचे सज्जे, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली पुराणं. २०१७ची त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली, पैसे संपत आले, संस्थापकांपैकी एकाने घर विकलं. ऑगस्ट २०२०मध्ये 'राजी' निन्टेंडो स्विचवर डाउनलोड म्हणून आली आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही. डिस्क छापायची, डबे भरायचे, ते देशोदेशी पाठवायचे, न खपलेले परत घ्यायचे, हे ओझं त्या छोट्या चमूवर पडलं असतं तर पुण्यातला गेम जगभरच्या टीव्हींवर त्या वर्षी दिसला नसता.

म्हणून मी डाउनलोडच्या विरोधात नाही. छोट्या गेमला तोच दरवाजा आहे.

बटणसेल

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत, जिना चढून गेल्यावर, एका कोकणी कारागिराचं दुरुस्तीचं टेबल आहे. लेन्सवर धूळ बसली की डिस्क वाचत नाही. तो ड्राइव्ह उघडून कापसाच्या काडीने लेन्स पुसतो. पहिल्या प्लेस्टेशन ५चा ड्राइव्ह पूर्ण बदलायचा झाला तर मात्र जुन्या ड्राइव्हची हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड, काढून नव्याला लावावी लागते. त्या पट्टीची मदरबोर्डशी कारखान्यातच जोडी लावलेली असते. दुसऱ्याची पट्टी लावली तर डिस्क चालत नाही. "पट्टी जळली की यंत्र जन्मभर बिनडिस्कचं," तो म्हणाला.

त्याने आणखी एक वस्तू दाखवली: यंत्राच्या पोटातला नाण्याएवढा बटणसेल, घड्याळ चालू ठेवणारा. काही वर्षांपूर्वी लोकांच्या ध्यानात आलं की प्लेस्टेशन ४मधला हा सेल संपला आणि सोनीचा सर्व्हर भेटला नाही, तर अस्सल डिस्कसुद्धा सुरू होत नाही. म्हणजे सर्व्हर कायमचे बंद झाल्यावर सगळीच यंत्रं एकेक करून मुकी झाली असती. बराच ओरडा झाल्यावर २०२१च्या सप्टेंबरमधल्या सुधारणेने ते दुरुस्त झालं. त्या एका सुधारणेमुळे आज खणात पडलेल्या प्लेस्टेशन ४च्या डिस्कांना पुढचं आयुष्य आहे.

जपून कुणी ठेवायचं

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी करून सांगितलं की तिथे २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेही विकत मिळत नाहीत. फ्रान्समध्ये राष्ट्रीय ग्रंथालय १९९२पासून कायद्याने व्हिडिओ गेम जमा करून घेतं. आपल्याकडे १९५४चा कायदा पुस्तकं आणि वृत्तपत्रं यांच्या प्रती मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयासह चार ठिकाणी द्यायला सांगतो. गेम त्यात नाहीत. त्यामुळे भारतात, भारतीयांनी केलेले गेम जपण्याची जबाबदारी कुणावरच नाही.

म्हणून मी 'हनुमान : बॉय वॉरियर' शोधत होतो. प्लेस्टेशन २चं ऑनलाइन दुकानच नव्हतं. तो गेम आला तो डिस्कवर आणि उरला असेल तोही डिस्कवरच. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारांनी नाव ओळखलं, पण प्लेस्टेशन २चा माल त्यांनी केव्हाच किलोवर काढून टाकला होता. डिस्क सापडली डोंबिवलीत, जुने गेम जमवणाऱ्या एका बँक कर्मचाऱ्याकडे. त्याने ती एका रद्दीवाल्याच्या दुकानात हिंदी सिनेमांच्या डीव्हीडींच्या ढिगातून उचलली होती. गेम म्हणून तो फार चांगला नाही. कॅमेरा अडतो, मारामारी एकसुरी आहे. पण आपल्या देशात कन्सोलसाठी गेम करायला बसलेल्या पहिल्या पिढीचं काम आहे ते. प्लेस्टेशन २ची डिस्क साध्या कम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, आणि आपला कॉपीराइट कायदा कलम ५२मध्ये प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाशापासून बचाव म्हणून राखीव प्रत काढू देतो. ती त्याने काढून ठेवली आहे.

'देसी अड्डा'च्या बाबतीत त्याचं नशीब कमी पडलं. डबा मिळाला, आत डिस्क भलत्याच क्रिकेट गेमची निघाली. दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या माळ्यावर जुना प्लेस्टेशन २ सापडला, तर भंगारवाल्याला देण्याआधी झाकण उघडून आत कोणती डिस्क राहिली आहे ते बघा.